पहिल्या पेटीवर हात कुणाचा?

बेदाण्याच्या धंद्यात दोन गोष्टी न मागता साठतात, देठं आणि किस्से. देठं मशीन काढतं. किस्से मात्र चहाबरोबर आपणच काढायचे!

आमचं जुनं गोदाम सांगलीत. मध्यंतरी कवठे महांकाळजवळ नवं युनिट टाकलं. निवडायला बायका जवळपासच्या गावातल्या. सांगलीहून जुने तिघंच : सुपरवायझर सुभेदार माने, पॅकिंगचे मुकादम दस्तगीरचाचा आणि निवडणाऱ्यांत सगळ्यांत थोरल्या आक्काताई.

पहिल्या दिवसापासून सकाळचा ट्रक लेट! शेवटी बेंगलोरचा मिठाईवाला फोनवर म्हणाला, "शेठ, अजून एकदा उशीर झाला तर माल दुसरीकडून घेतो." तो गेला की युनिटला कुलूप आणि सगळे घरी. मी पडलो नववी नापास. दिसेल त्याला विचारत सुटलो, "हे असं का होतंय हो?"

*

सुभेदार फौजेतून रिटायर. त्यांना सगळीकडं एकच दिसतं. "शेठ, कमांड ढिली हाय!"

शिट्टीवर हजेरी सुरू झाली. बायका रांगेत, ड्रायव्हर रांगेत, चहावालासुद्धा रांगेत! गैरहजर जवळजवळ कुणी नाही. ट्रक लेटच.

"आता काय?" मी विचारलं.

"आवं, पण लेट बी शिस्तीत झाला न्हवं का!"

*

सूनबाई पुण्याची एमबीए. "पप्पा, आपण प्रोसेस बघू." दिवसभर शेडमध्ये उभं राहून तिनं बटर पेपरवर चौकोन आणि बाण काढले. धुणं, सुकवणं, निवडणं, भरणं, पहिली पेटी बंद.

संध्याकाळी डोकं धरून बसली. "पप्पा, रिकामं कुणीच नाही. तरी काम पुढं सरकत नाही. असं आम्हाला शिकवलं नव्हतं!"

*

चाचा हसले. "बाई, बाण मशीनला लावा. माणसांत रुसवा शोधा."

चाचांनी प्रत्येकीला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "कुणावर रुसलीस का गं?" कुणीच रुसलेलं नव्हतं. मग चाचाच रुसले!

*

तिघंही हुशार, तिघंही तोंडावर पडलेले. मग सूनबाईला युक्ती सुचली. कामाचा कागद होताच. सुभेदारांना विचारून 'हुकूम कुणाचा' हा दुसरा काढला, चाचांना विचारून 'लोक ऐकतात कुणाचं' हा तिसरा. तिन्ही बटर पेपर एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले.

'पहिली पेटी बंद' या चौकोनात कामाच्या कागदावर नाव नाही. हुकुमाच्या कागदावर तिथं कोरं. आणि चाचांच्या सगळ्या रेघा तिथंच येऊन थांबलेल्या, आक्काताईंपाशी!

"पहिली पेटी तिच्याच हातानं बंद व्हायची, मगच बाकीच्या," चाचा म्हणाले. "हाताला गुण हाय तिच्या. सांगलीत गोदामाशेजारीच ऱ्हायची. आता एसटीनं येती. तवर आमी पेट्या परत पुसतो."

"आन् मी हजेरी परत घेतो," सुभेदार हळूच म्हणाले.

"अहो, त्यांच्यासाठी थांबता हे मला का नाही सांगितलं?" मी म्हणालो.

"आवं शेठ, रीत तुमचीच न्हवं का!" चाचा म्हणाले.

मला आपलं वाटत होतं, रीत चाचांची!

आक्काताईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, "अगं बया! मला वाटलं, मालकास्नी बरं वाटतंय. न्हाईतर ह्या गुडघ्यानं पयली एसटी कोण धरतंय?"

*

ठरलं. आक्काताईंनी सावकाश यायचं, पेटी कुणीही बंद करायची.

सकाळी सुभेदारांची शिट्टी झाली. चाचांनी पहिल्या पेटीला टेप मारली. ट्रक वेळेच्या आधी भरून तयार! सूनबाईचा चेहरा बघण्यासारखा.

ड्रायव्हरनं चावी फिरवली. घुर्रर्र... बंद. परत फिरवली. बंद. सुभेदारांनी बॉनेट उघडून बघितलं. बॅटरी ठीक, डिझेल ठीक. बेंगलोरचा फोन वाजायला लागला. तो उचलायची माझी छाती होईना.

तेवढ्यात फाट्यावर एसटी थांबली. आक्काताई गुडघा धरत आल्या. "काय झालं रं? अशी का हुबी सगळी?"

चाचा आभाळाकडं बघायला लागले.

आक्काताईंनी बॉनेटवर थाप मारली. "चल गं बाई, पोरं ताटकळल्यात."

ड्रायव्हरनं चावी फिरवली, आणि ट्रक सुरू! माल वेळेत पोचला. मिठाईवाला आजही आमचाच आहे.

त्या दिवशी सूनबाईनं चौथा बटर पेपर काढला. बराच वेळ तो कोराच होता. मग इकडंतिकडं बघून मला हळूच म्हणाली,

"पप्पा, युनिटशेजारी आक्काताईंना एखादी खोली मिळेल का हो?"