पाय धुण्याचा कार्यक्रम

“कांताबाई, पाणी कोमट करा. बापांचे पाय धुवायचेत, कोंबडीची पिसं काढायची नाहीत.”

हेडसरांनी घंगाळात बोट बुडवून झटकलं. मी गार पाण्याची कळशी ओतली. बाहेर मांडवात दहावीच्या मुलांचे बाप खुर्च्यांवर ओळीनं बसले होते. कुणी टोपी काढून मांडीवर ठेवली होती, कुणी पाय खुर्चीखाली ओढून घेतले होते. घरी खुर्चीवर बसायची सवय असलेला त्यांच्यात एखादाच असेल.

मी या शाळेच्या वसतिगृहात स्वयंपाक करते. कागदावर माझं पद ‘मदतनीस’ आहे. मदतनीस म्हणजे सकाळचा नाश्ता, दोन वेळचं जेवण, भांडी, तापलेल्या पोराच्या कपाळावर ओली पट्टी आणि कार्यक्रम असला की पाणी तापवणं. पलीकडच्या दोन खोल्यांत मुली राहतात, अलीकडे मुलं. बहुतेकांचे आईबाप दिवाळी झाली की ऊस तोडायला जातात ते उन्हाळ्यात परत येतात. म्हणून ही मुलं आमच्याकडे.

तो कार्यक्रम का ठरला, ते आधी सांगते.

पाठक सर दहावीला मराठी शिकवायचे. नगरहून रोज मोटारसायकलवर यायचे. त्यांचे आजोबाही मास्तर, वडीलही मास्तर. माणूस मनापासून शिकवणारा. संध्याकाळचा अभ्यास ते मेसमध्येच घ्यायचे, कारण वर्गापेक्षा तिथं उजेड चांगला. त्यामुळं भाकरी थापता थापता मला दहावीचे धडे ऐकायला मिळायचे. माझी शाळा चौथीला सुटली. उरलेली मी अशी ऐकली.

त्या वर्षी सरांनी एक गोष्ट शिकवायला घेतली. एक बाप मुलाला रोज खांद्यावर बसवून नदीपार शाळेत सोडतो. मुलगा मोठा साहेब होतो. म्हातारा बाप त्याला भेटायला ऑफिसात जातो. मुलगा काचेतून बघतो आणि शिपायाला सांगतो, मी यांना ओळखत नाही. गोष्ट तिथंच संपते.

“मुलगा असा का वागला?” सरांनी विचारलं.

गाईडमधलं उत्तर सगळ्यांना पाठ होतं. मुलगा कृतघ्न होता, त्याला गरीब बापाची लाज वाटली. तीन-चार जणांनी ते म्हणून टाकलं. एक जण म्हणाला, “सर, बापानं आधी फोन करून जायला पाहिजे हुतं.” सगळे हसले.

मागच्या बाकावरून अंकुश म्हणाला, “सर, त्याला लाज न्हाई वाटली. त्यो भेला.”

“कशाला भ्यायचं? वडीलच ना ते?”

“बाप म्हनल, चल.”

“मग? नाही म्हणायचं.”

“बाप चल म्हनल्यावर जावंच लागतं, सर.”

 सरांनी हातातलं गाईड मिटलं आणि खिडकीत ठेवून दिलं. म्हणाले, “हे उत्तर कुठल्याच पुस्तकात नाही. पण हेच खरं असेल.” अंकुशचे कान लाल झाले. असं कौतुक त्याचं कधी कुणी केलं नव्हतं.

त्याची बहीण सोनाली तेव्हा सातवीत होती. मुलींची पंगत आधी बसायची. ती जेवून ताट हातात घेऊन दाराशी उभी होती. तिनं विचारलं, “सर, त्याच्या घरी आनखी कोन हुतं?”

“गोष्टीत दोघंच आहेत. बाप आणि मुलगा.”

“मंग ह्यो शाळेत आन बाप त्याला सोडायला नदीपार, तर शेरडं कोन वळायचं?”

पोरं खो खो हसली. सरांनाही हसू आलं. “सोनाली, तू सातवीची. हा पाठ दहावीचा आहे. ताट धू.”

तिनं ताट धुतलं. मीही हसले होते.

अंकुशला भीती कशाची होती, ते मला माहीत होतं. ते समजायला आमच्या भागातला एक शब्द कळावा लागतो. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे एक जोडी, बहुतेक नवरा-बायको. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि डोक्यावर घेऊन गाडीत चढवते. एकट्या माणसाला मुकादम नेत नाही. अंकुशच्या आईची त्या पावसाळ्यात गर्भाची पिशवी काढली होती. डॉक्टरांनी ओझं उचलू नको म्हणून सांगितलं. म्हणजे त्याचा बाप भानुदास अर्धा राहिला. जोडीला कुणीतरी लागणार होतं. अंकुश सोळाचा, अंगानं मजबूत. सुट्टीत घरी गेला तेव्हा बापानं त्याच्या दंडाला हात लावून बघितला होता. हे त्यानंच सरांना सांगितलं.

सर हेडसरांकडे गेले. मी चहा घेऊन आत गेले तेव्हा बोलणं चालू होतं.

“पोरगा दहावीत आहे. दिवाळीनंतर गेला तर परीक्षा गेली.”

“पाठक, मी बावीस वर्षं बघतोय. बाप येतो, पोराला उठवतो, घेऊन जातो. तुम्ही काय आडवे पडणार?”

“आपण त्या बापाशी बोलू.”

“बोलून कळत असतं तर आपल्या शाळा कशाला लागल्या असत्या?” हेडसर चहा बशीत ओतत म्हणाले. मग त्यांना आठवलं. “संस्थेचे सेक्रेटरी येणारेत दिवाळीआधी. पितृपूजन घ्यायचंच होतं. मुलं बापाचे पाय धुतील. तुमची ती गोष्टही तिथंच बसवा. बघू बापाला पाझर फुटतो का. नाहीतर फोटो तर होतील.”

सरांचा चेहरा उजळला. मलाही ती युक्ती पटली होती. चार माणसांत मान मिळाला तर कुठला बाप विरघळणार नाही, असं मला वाटलं.

ठरलं असं की गोष्ट जिथं थांबते तिथून पुढचा शेवट मुलांनी आपल्या मनानं सांगायचा. कागद बघायचा नाही. पंधरा दिवस मेसमध्ये तालीम चालली. कुणाचा साहेब रडत बापाच्या पाया पडायचा, कुणाचा बाप त्याला थोबाडीत मारायचा. अंकुश मात्र तालमीत काही सांगेना. “त्या दिशी सांगतो,” म्हणायचा. सरांनी त्याला सोडून दिलं.

तर त्या दिवशी मी कोमट पाण्याचं घंगाळ घेऊन मांडवात गेले. एवढ्या लोकांत जायची सवय नाही, पाणी पदरावर सांडलं. भानुदास तिसऱ्या खुर्चीवर होता. गड्याच्या टाचांना भेगा, उजव्या अंगठ्याला नख नाही. कोयता लागून गेलेलं. तो पाय पुढं करेना.

“करा की पुढं, भानुदासराव,” सेक्रेटरी माईकवरून म्हणाले. “लाजता काय?”

“लाजत न्हाई, सायेब. मागं एकदाच धुतले हुते पाय, लग्नात, सासऱ्यानं. त्याची लेक घेऊनच उठलो हुतो.”

मांडव हसला. सेक्रेटरी तर टाळी देऊन हसले. भानुदासही हसला आणि त्यानं पाय समोरच्या परातीत ठेवले.

अंकुशनं पाय नीट धुतले. बाकीच्यांनी फोटोपुरतं पाणी घातलं, यानं भेगांतली माती अंगठ्यानं काढली. टॉवेलनं पुसले. कुंकू लावलं. मग तिथंच उभा राहून तो गोष्ट सांगायला लागला. आवाज बारीक होता. सरांनी माईक त्याच्या तोंडाशी धरला.

“शिपाई म्हनला, सायेब न्हाईत. पन बाप ग्येला न्हाई. त्यो तिथंच बसून ऱ्हायला. सायेब आत कपाटामागं लपला हुता. त्याला कपाटाखालून बापाचे पाय दिसत हुते. उजव्या अंगठ्याला नख नव्हतं. सायबाला भायेर यायचं हुतं. बापाला च्या पाजायचा हुता. पन बापानं बघितलं तर बाप म्हनल, चल. म्हनून त्यो लपूनच ऱ्हायला. बाप ग्येल्यावर त्यो भायेर आला आन बाप जिथं बसला हुता तिथं बसला.”

तेवढंच. मांडवात सगळ्यांची नजर खाली गेली, परातीतल्या पायांकडे. भानुदासनंही आपल्या अंगठ्याकडे बघितलं.

“म्हंजी म्या आल्यावर तू लपनार व्हय?” तो म्हणाला.

अंकुशनं मान हलवली. “व्हय.”

सेक्रेटरींना वाटलं हे तालमीतलंच आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या. पाठक सर डोळे पुसत होते. फोटोवाल्यानं बापलेकाला जवळ उभं केलं. ते दोघं एकमेकांकडे न बघता उभे राहिले.

जेवणं उरकल्यावर भानुदास मेसच्या मागं चुलीजवळ येऊन बसला. मी चहा दिला. ओळख जुनी, त्यांची वस्ती तिसगावकडं, माझ्या माहेराजवळ.

“आक्का, पोरानं भारी सांगितलं.”

“व्हय.”

“म्या त्याला न्यायालाच आल्तो आज. औंदा ट्रक दिवाळीआधीच हाय, उद्या सकाळी.”

मी चुलीतलं लाकूड आत सारलं.

“आता न्हाई नेत. चारचौघांत पाय धुतले त्यानं. त्याला उसात कसा नेऊ? शिकू दे.”

मला इतका आनंद झाला की मी त्याला न विचारता अजून चहा ओतला. कधी एकदा सरांना जाऊन सांगते असं झालं. पाठ शिकवल्याचं फळ इतकं समोर कुणाला दिसत नाही.

चहा संपवून त्यानं कप विसळून पालथा घातला. “सोनी कुठं हाय?”

“मुलींकडं. का?”

“कपडे घ्याया सांगा तिला. मुकादमाला जोडी कबूल केलीया.”

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं.

“भानुदासभाऊ, तेरा वर्षांची पोर. मोळी उचलंल का तिला?”

“बारकी बांधंल. तिच्या आईनं बी तेराव्यालाच धरली.”

“हुशार हाय ओ ती. सातवीत पहिल्या पाचात हाय.”

तो माझ्याकडे बघून हसला. वाईट नाही, आपला सहज. “तुमी कितवी शिकलाव, आक्का?”

“चौथी.”

“मंग. तुमच्यापक्षा तीन यत्ता जास्तीच झाल्या की तिच्या. काय अडलं तुमचं?”

मी पदराला हात पुसले. 

मी तशीच पाठक सरांकडे धावले. ते सेक्रेटरींच्या गाडीपाशी होते. मोठ्या माणसांच्या घोळक्यात मी कधी शिरले नाही, त्या दिवशी शिरले. सरांनी ऐकलं, त्यांचा चेहरा पांढरा पडला. ते हेडसरांना बाजूला घेऊन बोलले.

“मुलाला ठेवलं ना त्यानं?” हेडसर म्हणाले. “तुम्ही मुलासाठीच सांगितलं होतं. आता पाहुणे निघालेत, पाठक. उगाच इथं तमाशा नको.”

“पण सर, ती मुलगी...”

“उद्या फोन करू त्याला.”

पाठक सर फाटकापर्यंत धावले. मीही मागं होते. भानुदास आणि सोनाली रस्त्याच्या कडेनं चालले होते. तिच्या डोक्यावर कपड्यांचं गाठोडं होतं. सर त्यांना आडवे झाले. हात जोडले. हिलाही शिकवता येईल, मी खर्च करतो, असलं काहीबाही बोलत होते. भानुदासनं ऐकून घेतलं.

“सर, तुमचं म्या ऐकलं,” तो म्हणाला. “पोराला ठिवला. आता माजं बी ऐका. एक तरी लागतंच.”

सोनाली सरांकडे बघत होती. मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, “सर, माजं भूगोलाचं पुस्तक खिडकीत हाय. वर्गात कुनाला लागलं तर द्या.”

रस्त्याच्या वळणावर ती दिसेनाशी झाली. त्याच वेळी माझ्या डोक्यात ते मांडवातलं बोलणं आलं. पाय धुतले आणि लेक घेऊनच उठलो. तेव्हा मीही हसले होते. या वेळी लेक त्याची स्वतःची होती, एवढाच फरक.

दुसऱ्या दिवशी हेडसरांनी फोन केला. तो लागला नाही. पेपरात फोटो आला, शाळेच्या बोर्डावर तो कापून चिकटवला. बापाचे पाय, मुलाचे हात. खाली हेडसरांचं नाव.

अंकुशला कार्यक्रमाच्याच संध्याकाळी जेवायला बसल्यावर कळलं. मुलींच्या धुवून ठेवलेल्या ताटांत एक ताट कमी होतं, ते त्यानं बघितलं. माझ्याकडे बघितलं. मी भाकरी वाढली. त्यानं खाल्ली. भूक लागतेच. त्यानंतर वर्षभर त्यानं वर्गात हात वर केला नाही. सरांनीही त्याला काही विचारलं नाही.

तो दहावी पास झाला, चांगले मार्क मिळाले. आता नगरला एमआयडीसीत कामाला लागलाय. मध्ये एकदा येऊन पेढे देऊन गेला. सोनालीचं नाव त्यानं काढलं नाही, मीही काढलं नाही. तिचं पुढच्या दिवाळीआधीच शेवगावकडं लग्न लावलं. आमच्याकडे हंगामाच्या तोंडावर अशी लग्नं लागतात. जोडी झाली की कोयता होतो. तिच्या लग्नातही तिच्या बापानं जावयाचे पाय धुतले असतील.

पाठक सरांनी बदली करून घेतली. नव्या बाई आल्यात, त्याही तोच पाठ शिकवतात, गाईडमधूनच. कार्यक्रम दर वर्षी होतो. हेडसर म्हणतात, मागं एकदा फार रंगला होता, तसा करा. पाणी मीच तापवते.

एवढ्या वर्षांत मी एकच गोष्ट शिकले. बापाचं मन वळवता येतं, फार अवघड नाही. फक्त ते वळून कुणाकडे जाईल, ते आधी बघून ठेवावं.