नवरदेवाचा फेटा रंग घेईना

चिखलीहून अमडापूरला निघालेल्या एसटीत माझ्या मांडीवर पांढऱ्या कापडाचं गाठोडं होतं आणि शेजारी नवरदेव. माझा मेहुणा सचिन याचं लग्न दुसऱ्या दिवशी होतं. वऱ्हाडातले सगळे फेटे एकाच केशरी रंगाचे हवेत, हा त्याचा हट्ट. पुण्याहून आलेला जावई रिकामाच बसला होता, म्हणून सासूबाईंनी मला सोबत धाडलं.

रंगारी गजाननभाऊंच्या अंगणात चुलीवर रंगाचं घंगाळ उकळत होतं. त्यांनी गाठोडं सोडून सगळं कापड त्यात बुडवलं. पलीकडे लांब टेबलावर त्यांच्या पत्नी कांताबाई लाकडी ठशांनी चादर छापत होत्या.

“रंगवणं आणि छापणं, यात फरक काय हो?” मी सहज विचारलं.

सचिनने कपाळाला हात लावला. या अंगणात हा प्रश्न काढायचा नसतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

“आमचा रंग धाग्यात शिरते,” गजाननभाऊ म्हणाले. “दोन्हीकून सारखा. छापलेलं कापड पलटवून पाहा, पाठ कोरी!”

“अन् यायच्या घंगाळात एका टायमाले एकच रंग,” कांताबाईंनी ठसा आपटला. “त्यात फूल काढून दाखवा म्हना! मी पाहिजे तो रंग पाहिजे तिथं बसवते. जावईबापू, तुमीच सांगा, कोनाचं खरं?”

मी उत्तर टाळत मागे सरकलो आणि टेबलाला टेकलो. चादर ओली होती. माझ्या पांढऱ्या झब्ब्यावर कैऱ्या उमटल्या.

“पाहा, यायची पाठ कोरी नाही राह्यली,” कांताबाई म्हणाल्या.

तेवढ्यात फेटे घंगाळाबाहेर आले. सुती फेटे झकास केशरी झाले होते. सचिनने स्वतःसाठी अकोल्याहून मुद्दाम आणलेलं चकचकीत कापड मात्र शिळ्या गाजरासारखं दिसत होतं.

“हे काऊन असं झालं?” सचिन रडकुंडीला आला.

गजाननभाऊंनी कापड बोटांत चोळलं. “पॉलिस्टर हाये हे. हा रंग सुताचा. याच्यात नाही शिरत.”

“उद्या लग्न हाये माह्यं!”

गजाननभाऊ घंगाळाकडे वळले. मग तिकडेच पाहत म्हणाले, “आत नाही शिरत, पण वर बसंन काय?”

“कोनाले इचारून राह्यले?” कांताबाई.

“तुले.”

“मंग माह्याकडं पाहून इचारा.”

त्यांनी मान वळवली आणि पुन्हा विचारलं.

“बसंन,” त्या म्हणाल्या आणि खळीसारखा घट्ट केशरी रंग कालवायला बसल्या. गजाननभाऊंनी कापड ताणून धरलं, कांताबाईंनी बारीक बुट्टे छापले. “सरका”, “नीट धरा”, “हलू नका”, सगळं ते मुकाट ऐकत होते. बुट्टे सुकल्यावर वरून इस्त्री फिरवली. रंग पक्का बसला.

मांडवात नवरदेवाचा बुट्टेदार फेटा एकदम उठून दिसला. मुलीकडची माणसं कुठून आणला म्हणून विचारत होती आणि सचिन “खास डिझाइन” म्हणून मिशीत हसत होता.

पुण्याला परतताना गाडीत मला फेट्यापेक्षा ते दोघंच आठवत राहिले. एकाच अंगणात संसार करूनही एकाच कापडाला दोघांचे हात बहुधा पहिल्यांदाच लागले होते. घरी पोचल्यावर मी मुद्दाम बायकोकडे नीट पाहून विचारलं, “चहा घेशील?”

तिने बॅग खाली ठेवली आणि माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. “प्रवास बाधला का हो?”