पुस्तकातला मार आणि पडद्यावरची मारामारी

लाल चिंधी माझ्याच जर्किनच्या खिशात होती. हे मी आजवर कुणालाही ऐकू जाईल असं बोललेलो नाही. बायकोला नाही, शेवटच्या दुखण्यात उशाशी बसलो होतो तेव्हा आईलाही नाही, आणि ज्याला सांगायला हवं त्या धाकट्या भावाला तर नाहीच.

आमच्या वाचकगटाच्या वार्षिक अंकासाठी मला एक विज्ञान कादंबरी आणि तिच्यावरून निघालेला सिनेमा यांची तुलना लिहायला सांगितली आहे. गेल्या हिवाळ्यात गटात मी याच विषयावर बोललो होतो. "तेच लिहून द्या, फार छान बोललात," असं संयोजक बाई म्हणाल्या. मी तेव्हा खोटं बोललो होतो. त्यामुळे तेच लिहून देता येत नाही.

ती कादंबरी मी आधी ऐकली, मग बघितली आणि सगळ्यात शेवटी वाचली. ऐकली ती निफाडच्या बाजूला, आमच्या द्राक्षबागेत. धाकटा तेव्हा नाशिकला कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागला होता आणि नाताळच्या सुट्टीत बागेत हाताखाली यायचा. दिवस डिपिंगचे होते. मण्यांना फुगवण यावी म्हणून प्रत्येक घड मगातल्या औषधाच्या पाण्यात बुडवून काढतात, त्याला आमच्याकडे डिपिंग म्हणतात. त्या वेळी घड एकदाच बुडवायचा. पुन्हा बुडवला तर देठ तारेसारखे ताठ होतात आणि मणी तडकतात. सकाळी दवानं सगळेच घड ओले दिसतात, कालचा कोणता नि आजचा कोणता ते ओळखू येत नाही. म्हणून संध्याकाळी काम जिथवर आलं त्या ओळीच्या लोखंडी अँगलला एक लाल चिंधी बांधायची. रोज तीच चिंधी, मागच्या ओळीवरून सोडून पुढच्या ओळीला. हे काम मालकाचं, म्हणजे माझं.

कामाला हरसूलकडची टोळी होती. बायका औषधाचे मग घेऊन घड बुडवत पुढं सरकायच्या आणि धाकटा त्यांच्या पुढं उलटा चालत कादंबरी सांगायचा. इंग्रजीतून वाचलेली, पण सांगायचा आमच्या बोलीत. हवा नसलेल्या एका ग्रहावर काचेच्या घुमटाखाली खाणकामगारांची वस्ती आहे. तिथला मुकादम एका मिस्त्रीला मारतो. हवेचा दरवाजा मिस्त्रीनं उघडा ठेवला असा त्याचा समज असतो. मारतो म्हणजे मरेस्तोवर मारतो, मिस्त्री कसाबसा वाचतो. त्या वस्तीत तुरुंग नाही. मारणाऱ्याला आणि मार खाणाऱ्याला दोन खुर्च्यांत बसवतात, डोक्यांना तारा जोडतात, आणि मारणाऱ्याला तोच मार दुसऱ्याच्या अंगातून पुन्हा खावा लागतो.

"आमच्या माणसाला न्या तिथं," टोळीतल्या मावशी म्हणाल्या. त्यांची जीभ सगळ्यांत तिखट. "रोज सांजचं बसवा."

"मावशी, मग स्वयंपाक कोण खाईल?" धाकट्यानं विचारलं.

"खाईल की. तोंडाला तारा थोड्याच हायेत?" बायका हसल्या. मग मावशी माझ्याकडं वळल्या. "आन् मालक, तुमाला किती दिस बसवतील वो?"

मीही हसलो. माझा हात चालतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. वडिलांचा चालायचा, त्यांच्याकडून तो माझ्याकडं आला. बैलाच्या तोंडावर मारलं आहे. कुत्र्याला लाथेनं विहिरीच्या कठड्यावर आपटलं आहे. फवारणीच्या पंपावरच्या एका माणसाचा दात पाडला होता आणि वर त्यालाच म्हणालो होतो, थुंक बाजूला, टाकीत पडेल. धाकट्यावर मात्र तोवर कधी हात टाकला नव्हता. त्याला वडिलांच्या हातून सोडवायचो तो मीच.

त्या संध्याकाळी मी जुन्या ओळीवरची चिंधी सोडली आणि नव्या ओळीला बांधायला निघालो. धाकटा तेवढ्यात मुकादमाला खुर्चीपर्यंत घेऊन आला होता. मनगटांना पट्टे लागले. तारा आल्या. बायका हातातले मग तसेच धरून उभ्या राहिल्या आणि मीही थांबलो.

"मंग?" मावशी म्हणाल्या.

"मग काय? चहा आला. राहिलेलं उद्या."

सगळ्यांनी त्याला शिव्या घातल्या. मी पण एक हासडली आणि चहाकडं वळलो. चिंधी खिशात राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी औषध आणायला नाशिकला गेलो. दुपारी परत आलो तर टोळी कालच्याच ओळींत घड बुडवत होती. पाच-सहा ओळी दुसऱ्यांदा झाल्या होत्या. एकदम डोक्यात गेलं.

"काल झाल्यात या ओळी! आंधळा का तू?"

"चिंधी नव्हती दादा. अंदाजानं धरलं."

"नव्हती? मी बांधली ती कुठं गेली? गोष्टी सांगत बसला भडव्या, गोष्टी!"

मी बांधली होती अशी त्या क्षणी माझी खरंच खात्री होती. पहिली थप्पड बसली तेव्हा त्याचा चष्मा उडाला. तो चष्मा शोधायला वाकला आणि मी त्याच्या कमरेत लाथ घातली. बाजूला ठिबकच्या काळ्या नळीचा तुकडा पडला होता, तो उचलला. ती नळी लवचिक असते, लागते तिथं कातडी सोलून निघते. पाठीवर, मानेवर, डोकं झाकलेल्या हातांवर. तो ओरडत नव्हता. "दादा, बघू तर दे, दादा" असं काहीतरी म्हणत होता. बायका ओळींमध्ये उभ्या होत्या. मावशी पुढं आल्या, तेव्हा मी त्यांच्यावरही नळी उगारली.

माझ्या बोटांतून रक्त यायला लागलं होतं, नळीची कड हाताला कापत होती. पुसायला रुमाल काढावा म्हणून जर्किनच्या खिशात हात घातला. हाताला चिंधी लागली.

मी ती बाहेर काढली नाही. मुठीत धरून उभा राहिलो. धाकटा गुडघ्यांवर होता आणि मान वर करून माझ्याकडं बघत होता. मार थांबला का, ते बघत असावा. तिथं थांबता आलं असतं. पण थांबलो असतो तर का थांबलो ते सांगावं लागलं असतं, त्या सगळ्या बायकांसमोर. मी नळी टाकून दिली, मोकळ्या हाताची मूठ केली आणि त्याच्या डाव्या कानावर मारली. आधीच्या सगळ्या मारापेक्षा जास्त ताकद त्या एका फटक्यात होती. तो आडवा झाला आणि त्याचं डोकं अँगलवर आपटलं. कानातून रक्ताची बारीक धार आली आणि मातीत मुरली.

डॉक्टरांना त्यानंच सांगितलं, बागेत पाय घसरला. डावा कान गेला तो गेलाच. टोळी त्याच संध्याकाळी काम सोडून हरसूलला निघून गेली आणि पुन्हा आमच्याकडं आली नाही. चिंधी मी चुलीत टाकली.

मुकादमाला खुर्चीत पुढं काय झालं, ते आम्हा कुणालाच कळलं नाही. धाकट्यानं ती गोष्ट पुन्हा काढली नाही आणि विचारायचं तोंड मला नव्हतं.

काही वर्षांनी त्या कादंबरीवर सिनेमा आला. मुलांच्या शाळेसाठी आम्ही तोवर नाशिकला राहायला आलो होतो, बागेवर मी स्कूटरनं जाऊन-येऊन करायचो. शेवट बघायचा म्हणून एकटाच गेलो, हिंदीतला शो होता. मुकादम मिस्त्रीला मारतो ते पडद्यावर फार वेळ चालतं. लोखंडी पाना, तुटणारी हाडं, हवेत तरंगणारे रक्ताचे थेंब आणि वर ढोल. शेजारची पोरं शिट्ट्या मारत होती. खोटं कशाला सांगू, माझ्याही मुठी वळल्या होत्या आणि बरं वाटत होतं. मग खुर्ची आली. मी थिएटरातल्या सीटच्या कडेला सरकलो. तारा जोडल्या जातात, मुकादम मिस्त्रीच्या डोक्यात शिरतो आणि तिथं त्याला दिसतं, दरवाजा मिस्त्रीनंच उघडा ठेवला होता, मुद्दाम, शत्रूकडून काहीतरी घेऊन! मुकादम पट्टे तोडतो, पहारेकऱ्यांच्या माना मोडतो, घुमट फुटतो. पुढं नुसती कत्तल. थिएटरमधून बाहेर पडलो तेव्हा अंग हलकं झालं होतं. मारलं ते योग्यच होतं, असं मला कुणीतरी मोठ्या पडद्यावर सांगितलं होतं. त्यानंतर जिथं विषय निघेल तिथं मी तो सिनेमा पुस्तकापेक्षा सरस म्हणायचो. पुस्तक वाचलेलं नसतानाही.

गेल्या वर्षी त्याचा मराठी अनुवाद निघाला आणि गटानं ठरवलं की मी दोन्हींवर बोलायचं. म्हणून वाचलं. पुस्तकात मारण्याचं वर्णन दोन ओळींचं आहे. 'त्याने त्याला मारले' एवढंच जवळपास. सिनेमावाल्यांनी त्या दोन ओळींचा अर्धा सिनेमा केला आणि जे सगळ्यात मोठं प्रकरण आहे ते कापलं. शेवटचं. पुस्तकातला मिस्त्री निर्दोष आहे. दरवाजा कुणामुळे उघडा राहिला ते कधीच कळत नाही. खुर्चीत मुकादम दुखण्याची वाट बघत बसतो. दुखतं, पण त्याला वाटलं होतं तेवढं नाही. खालून, मिस्त्रीच्या डोळ्यांतून, त्याला स्वतःचा चेहरा दिसतो. सुरुवातीला त्या चेहऱ्यावर राग असतो. मध्येच कुठंतरी राग संपतो. चेहरा घाबरलेला दिसायला लागतो आणि हात तरी चालूच राहतो. मुकादमाला सगळ्यात जास्त लागतं ते हे, की मिस्त्रीनं ते तेव्हाच पाहिलं होतं.

ते वाचून मी पुस्तक पालथं ठेवलं. धाकटा गुडघ्यांवर होता, मान वर करून माझ्याकडं बघत होता आणि माझा हात खिशात होता. त्याला काय दिसलं असेल? हे पुस्तक त्यानं तेव्हाच, शेवटपर्यंत वाचलेलं होतं.

एवढं कळल्यावरही गटात मी काय बोललो? सिनेमात जोर आहे, शेवटाला अर्थ आहे, पुस्तक मात्र शेवटी ढिलं पडतं. सोसायटीच्या हॉलमध्ये चांगली गर्दी होती. संयोजक बाई पूर्वी धाकट्याच्याच कॉलेजात होत्या, त्यांनी त्यालाही बोलावलं होतं. तो पहिल्या रांगेत डाव्या टोकाला बसला होता, उजवा कान माझ्याकडं राहील असा. तो कुठंही असाच जागा बघून बसतो.

प्रश्न विचारा म्हटल्यावर त्यानं हात वर केला.

"दादा, शेवटचं प्रकरण वाचलंस ना?"

"वाचलं."

"मग?"

"लांबलंय जरा," मी म्हणालो. मागं कुणीतरी हसलं. बाई म्हणाल्या, "भावाभावांत आधीच ठरलेलं दिसतंय हे!" तेव्हा सगळेच हसले. धाकटाही हसला, चष्मा काढून पुसला आणि मान हलवली.

नंतर खाली त्याच्या स्कूटरपाशी तो माझी वाट बघत थांबला होता. मफलर बांधत होता. बागेचं विचारलं, वहिनीच्या गुडघ्याचं विचारलं. मग मफलर बांधता बांधताच म्हणाला, "त्या संध्याकाळीच सांगून टाकणार होतो रे शेवट. चहा आला म्हणून राहिला."

मी त्याच्या डाव्या बाजूला उभा होतो. तिथं उभा राहिलो तो चुकून नव्हे. हळूच म्हणालो, "चिंधी माझ्या खिशात होती."

त्यानं मान वळवली. "काय म्हणालास? या बाजूनं बोल ना."

"काही नाही. थंडी वाढली म्हटलं."

"निफाडला तर विचारू नको," तो म्हणाला. त्यानं मफलर कानावरून घट्ट ओढला, त्याच डाव्या कानावरून, आणि गाडीला किक मारली.

बाईंना हा लेख दिला तर तो छापला जाईल आणि अंक त्याच्या घरी जाईल. मग त्याला कळेलच, असं म्हणून मी परत सुटेन. सिनेमातून बाहेर पडलो होतो तसा. म्हणून हे कागद अजून माझ्याकडंच आहेत.

मी त्याचं एक वाक्य देणं लागतो, उजव्या बाजूनं, त्याला ऐकू जाईल असं. त्या पाठोपाठ हेही, की शेवटचा फटका मी चिंधी हाताला लागल्यावर मारला. तेच हरसूलला जाऊन मावशींना सांगायचं आहे, त्या असतील तर. यातलं अजून काहीही मी दिलेलं नाही.