न्हाणीतली चूल

वहिनींचा खोकला गणपतीत सुरू झाला तो शिमगा आला तरी थांबला नव्हता. लांज्याच्या घरापासून विहिरीपर्यंत जाताना त्यांना वाटेत दोनदा टेकावं लागे. महामार्गाच्या कामाची धूळ बाधली, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. त्या धुळीवर मी बातम्या लिहिल्या होत्या, म्हणून मलाही ते पटलं.

मी त्यांना रत्नागिरीला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं.

"घरात कोणी विडी ओढतं?"

"नाय."

"स्वयंपाक चुलीवर?"

"गॅस हाय. किती वर्सं झाली."

उत्तर खरं होतं. प्रश्न विचारणं हा माझा व्यवसाय. मी शेजारी बसून होतो. डॉक्टरांनी धूळ टाळायला सांगितलं आणि श्वासातून ओढायचं औषध लिहून दिलं.

वैशाखात मी लांज्याला मुक्कामाला गेलो. सकाळी न्हाणीतून काळा, डोळ्यांना झोंबणारा धूर येत होता. आमच्याकडे उन्हाळ्यातही आंघोळ कढत पाण्यानेच. वहिनी हंड्याखाली काजूची टरफलं सारत होत्या. त्या काजूच्या कारखान्यात कामाला. टरफलांची पोती तिथून फुकट मिळत. त्या टरफलांचं तेल हाताला लागलं की कातडी सोलवटते. कारखान्यात त्या बोटांना राख फासून बसत.

"वहिनी, ही चूल डॉक्टरांना सांगितली नाहीत?"

"ही कसली चूल, भावोजी? हिच्यावर भात शिजतो काय?"

ओटीवरून भाऊ ओरडला, "पेपरवाले, आधी आंघोळ उरका, मग मुलाखत घ्या!"

त्याच आठवड्यात आम्ही पुन्हा रत्नागिरी गाठली. मी न्हाणीतल्या चुलीचं सांगितलं. वहिनींनी श्वास मोजायच्या यंत्राच्या नळीत तीनदा फुंकलं. कागद पाहून डॉक्टर म्हणाले, "फुफ्फुसांचं जेवढं गेलं तेवढं परत येणार नाही. उरलंय ते सांभाळा."

न्हाणीतली चूल त्या दिवशी बंद झाली. शेजारच्या न्हाण्यांचा धूर सकाळी येतोच. वहिनी खिडकी लावून घेतात.

पुढच्या तपासणीला बाकावर त्यांच्याच वयाची एक बाई होती. केसपेपर लिहिणाऱ्या मुलीने तिला विचारलं, "स्वयंपाक कशावर?"

"गॅसवर."

वहिनी पुढे वाकल्या. "आणि आंघोळीचं पाणी गो?"

ती बाई हसली. हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली. मुलीने पेन खाली ठेवलं. ती उबळ थांबायची आम्ही वाट बघत राहिलो.