जाकिटातलं मूळ आणि एक मत

पालघर जिल्हा नवानवा झाला होता, त्या सुमारास मी आमच्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत एका मताने पडलो, आणि या पराभवाला मांजरं जबाबदार आहेत असं माझं अधिकृत म्हणणं होतं.

सरावलीच्या अलीकडे माझी चिकूची वाडी आहे. वॉर्डातल्या चार जणांनी येऊन 'नाना, यंदा तुम्हीच उभे राहा' असा आग्रह धरला. (हे चौघे पुढे प्रचारात एकदाही दिसले नाहीत. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.) निशाणी मिळाली कपबशी. समोर हरेशभाई, किराणा दुकानवाले, निशाणी छत्री. ज्या दिवशी फॉर्म भरला त्याच दिवशी माझी झोप उडाली. पंख्याकडे बघत पडायचं आणि मतं मोजायची. एकदा मोजली की मी जिंकायचो, दुसऱ्यांदा मोजली की हरायचो! कुणी दारावर टकटक केली की मी दचकून उभा राहायचो. डॉक्टर म्हणाले, "तब्येत ठणठणीत आहे, फक्त डोकं जरा शांत ठेवा." डोकं शांत ठेवायचं औषध मात्र त्यांनी लिहून दिलं नाही.

ते काम आमच्या सौभाग्यवतींनी, सुलभाने, हाती घेतलं. आधी दुधात अश्वगंधा आली.

"हे काय?" मी विचारलं.

"अश्वगंधा. मन शांत होतं."

"कुणी दिलं?"

"कुणी म्हणजे? दुकानातून आणलं."

"कुठल्या दुकानातून? हरेशभाईंच्या?"

"अहो, हरेशभाई कशाला तुम्हाला दुधातून..."

"आधी तू पी."

बिचारी प्यायली. मग वाटीत ब्राह्मीचं तेल आलं, ते मी आधी तिच्या डोक्याला लावायला लावलं. शंखपुष्पीच्या बाटलीचं झाकण उघडून मी नुसता वास घेतला आणि झाकण परत लावलं. चौथ्या दिवशी सुलभा इतकी शांत झाली होती की दूध उतू गेलं तरी उठेना, आणि मी मात्र होतो तसाच. शेवटी तिने नाद सोडला. (म्हणजे सोडला असं मला वाटलं.)

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इस्त्रीचं खादीचं जाकीट घालून मेहुण्याबरोबर, विलासबरोबर, प्रचाराला निघालो. फाटकापाशी एक भुरं मांजर बसलं होतं. ते उठून आमच्या पुढे चालायला लागलं. पहिल्या घराच्या अंगणात शिरलो, तर ते नेमकं त्या घरच्या काकांना आडवं गेलं! काका सातबाऱ्याच्या कामासाठी कचेरीत निघाले होते. ते पिशवी घेऊन परत घरात शिरले आणि आतून म्हणाले, "नाना, उद्या या."

तिसऱ्या घरापर्यंत मांजरं तीन झाली. गुरुवारी सात होती. मी जिकडे जाईन तिकडे ही वरात पुढे, आणि मतदारांना आडवी! एका बाईला मी गटार बांधून देण्याचं वचन देत होतो, तर एक बोका माझ्या अंगावर चढायला लागला. खाली उतरवला तर माझ्या पायावर लोळला आणि डोळे मिटून लाळ गाळायला लागला. ती बाई गटाराबद्दल एक अक्षर न बोलता बोक्याकडेच बघत होती.

"विलास," मी म्हणालो, "हे हरेशभाईंचं काम आहे. त्यांनी माझ्या कपड्यांवर बोंबलाचं पाणी शिंपडलंय."

विलासने माझ्या खांद्याशी नाक आणलं. "भाऊजी, बोंबील नाही. मोज्यांचा वास येतोय. चार दिवस न धुतलेल्या."

"मी मोजे घालतो का कधी?" मी ओरडलो. माझ्या पायात जन्मभर चपलाच!

आता संशयाला ऊत आला. इस्त्रीवाल्यावर संशय, दूधवाल्यावर संशय. विलास मोज्यांची गोष्ट इतक्या खात्रीने बोलला म्हणून विलासवर संशय! सदरा तीनदा धुवून घेतला. जाकीट मात्र धुवायला दिलं की सुलभा लगबगीने म्हणायची, "राहू दे, खादी आटते." शेवटी मी तडक हरेशभाईंच्या दुकानात गेलो. (मागे पाच मांजरं.)

"हरेशभाई, सरळ लढा. हे असले प्रकार शोभत नाहीत."

हरेशभाईंनी तराजू खाली ठेवला, मांजरांकडे बघितलं आणि पोट धरून हसले. "अरे नानाभाय, मी काय केला? तुमची निशाणी कपबशी! कपबशी दिसली का दूध प्यायला बिलाडी तो आवशेच ने!"

दुकानातली दहा गिऱ्हाइकं हसली. दहाही माझ्या वॉर्डातली होती.

प्रचाराच्या शेवटच्या संध्याकाळी देवळासमोर सभा ठेवली. गर्दी दिसावी म्हणून मी वाडीतली कामाची माणसंही पुढच्या रांगेत आणून बसवली होती. त्यात सायवनची लक्षीबाय होती. तिचं मत आमच्याकडे नव्हतं, पण टाळ्या वाजवायला मत लागत नाही. मी उभा राहिलो. "बंधूंनो आणि भगिनींनो" एवढं झालं, आणि तो बोका देवळाच्या पायरीवरून थेट माझ्या छातीवर आला! मी त्याला ओढतोय, तो जाकिटाला चिकटलाय. विलास त्याची शेपटी धरतोय, माइकमधून बोक्याचा आवाज अख्ख्या वॉर्डाला ऐकू जातोय! शेवटी टर्रकन अस्तर फाटलं आणि आतून एक लहानशी पुरचुंडी खाली पडली. ती सुटली, काळपट मुळांचे तुकडे पसरले आणि बोका त्यांत गडबडा लोळायला लागला.

मग मागून कुणीतरी ओरडलं, "नाना मूळ घेऊन फिरतो! मतदारांवर करणी करतो!"

पंधरा दिवस मी साऱ्या गावावर संशय घेतला होता. आता सारं गाव माझ्यावर संशय घेत होतं! दोन बायका मुलांना उचलून निघाल्यासुद्धा.

लक्षीबाय उठली, एक तुकडा उचलून हुंगला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "कसली करणी? औषध हाय हा. आमच्या रानात खोकली असते ना, तिचा मूळ उपटला का मांजर असाच येडा होते. हा दुकानातला हाय, दुसरा, पण मांजराला तसाच येडा करते. कोणी ठेवला?"

बायकांच्या रांगेतून सुलभा उभी राहिली. तिचा चेहरा लाल झाला होता. "मी शिवला अस्तरात. तगर गंठोडा आहे तो. डहाणू रोडच्या काष्ठौषधीवाल्याकडून आणला. यांना पंधरा दिवस झोप नाही, आणि हे घरात काही पोटात घेत नाहीत. नुसता वास गेला तरी मन शांत होतं म्हणाला दुकानदार. झोपेचं मूळ आहे हो, दुसरं काही नाही!"

करणीचा आळ गेला. पण मागून दुसरा आवाज आला, "बाकीचे निवडून आल्यावर झोपतात, नाना आधीच तयारी करून आलाय!"

सभा हसत हसतच संपली. घरी येताना सुलभा फाटकं जाकीट हातावर टाकून पुढे चालत होती. मी मात्र वाटभर बोलत होतो, की तो ओरडणारा कोण, त्याला कुणी पाठवलं, आणि काष्ठौषधीवाला हरेशभाईंचा कोण लागतो.

मतदान झालं. डहाणूला मतमोजणी झाली. मी एका मताने पडलो. एका! दुपारी घरी आलो तो कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर संशयितांची यादी करायलाच बसलो. विलासला मुलाची शपथ घालून विचारलं. त्याने घेतली आणि न जेवता निघून गेला.

"एक मत फिरलं असतं ना, तर मी एका मताने निवडून आलो असतो," मी सुलभाला म्हणालो. "एकच माणूस! सापडला पाहिजे."

ती ओट्यापाशी वांगी चिरत होती. "कशाला माणसांना छळताय? मी दिलं."

"काय दिलंस?"

"मत. छत्रीला."

माझ्या हातातली पेन्सिल गळून पडली. माझ्या यादीत चौतीस नावं होती. तिचं नव्हतं.

"तू? माझी बायको?"

"बायको आहे म्हणूनच." तिने विळी बाजूला सारली. तिचे डोळे भरून आले होते. "पंधरा दिवसांत काय दशा झालीय बघा. निवडून आला असतात तर पाच वर्षं तुम्ही झोपला नसतात. आणि पाच वर्षं प्रत्येक पेला आधी मी पिऊन दाखवायचा? मतदानाच्या खोलीत गेले तेव्हा कपबशीवरच बोट होतं माझं. मग नाही दाबवलं."

मला भयंकर राग आला, आणि त्याच्या मागोमाग लाजही वाटली. ती खरं बोलत होती हे मला कळत होतं, पण पडलेल्या उमेदवाराने इतक्या लवकर कबूल करायचं नसतं. 'तुझ्याशी आठ दिवस बोलणार नाही' असं जाहीर करून मी ओटीवरच्या झोपाळ्यावर मान फिरवून आडवा झालो.

संध्याकाळी हरेशभाईंची मिरवणूक मुद्दाम आमच्या फाटकावरून गेली. बँड होता, फटाक्यांच्या माळा होत्या. मला डिवचायला त्यांची माणसं फाटकासमोर अर्धा तास नाचली म्हणे. मी डोळे उघडून बघितलं नाही, कूस बदलली नाही, की चकार शब्द काढला नाही. शेवटी हरेशभाईच वरमले, बँड बंद करायला लावला आणि लांबूनच हात जोडून पुढे गेले.

पराभव इतक्या शांतपणे पचवणारा माणूस आपण पाहिला नाही, असं ते आजही चारचौघांत माझं कौतुक करतात. मी ते नम्रपणे ऐकून घेतो. मी घोरत होतो, हे सुलभाने अजून कुणाला सांगितलेलं नाही.