बदलीवर आलेला मुलगा

ज्यांना गेटबाहेर ताटकळत उभं राहावं लागतं, त्यांच्याकडे किस्से आपोआप जमतात. आमचे जमले ते सुरतेत, उधन्याच्या पुढे, एका वृद्धाश्रमासमोरच्या चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर. गेट रविवारी चारला उघडायचं, सहाला बंद व्हायचं. आम्ही तीनपासूनच हजर!

आम्ही म्हणजे तिघं. मी, माझ्यासारखाच लूमवर काम करणारा प्रकाश, आणि गोडादऱ्याच्या रत्नाबाई. प्रकाशची आई आत होती, रत्नाबाईंची आत्या आत होती, आणि माझे बाबा.

बाबांनी तीस वर्षं लूम चालवले. मग लकव्याने त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डिंडोलीत आमची एकच खोली. मी खात्यात, बायको साड्यांच्या घड्या घालायला, पोरं शाळेत. सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात, आणि तिथली पाळी बारा तासांची. बाबांना पाणी कोण पाजणार? शेवटी इथे आणलं. निघताना मी म्हटलं, "बाबा, दर आठवड्याला येईन. चुकणार नाही." त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. तो हात मला अजून जाणवतो.

*

रविवारी वॉर्ड कसा असायचा म्हणता? फिनाइलचा वास, पांढऱ्या चादरी, म्हाताऱ्यांच्या तोंडाला पावडर! आम्ही खूश होऊन परतायचो.

एकदा प्रकाशच्या खात्यात मशीन बिघडलं आणि त्याला बुधवारी सुट्टी मिळाली. गेटवर वॉचमन म्हणाला, "रविवारे आवजो." रविवारी या. तेवढ्यात भाजीचा टेम्पो आत निघाला. प्रकाशने बटाट्याचं पोतं खांद्यावर घेतलं आणि सरळ आत!

आईच्या ओठांना चिरा पडल्या होत्या. पाण्याचा जग होता, पण खिडकीत, तिच्या हातापासून चार पावलं लांब. चादर ओली. आईने त्याला बघितलं आणि गोंधळून विचारलं, "आज रविवार शे का रे? मंग माले आंघोळ का नही घाली?"

प्रकाशने हे लारीवर सांगितलं तेव्हा आधी आम्ही हसलो. मग कुणीच चहा संपवला नाही.

*

दुसऱ्या दिवशी रत्नाबाई गेटवर गेल्या. वॉचमनचं तेच, रविवारे आवजो. त्या म्हणाल्या, "रविवारचा नियम लिहिलाय कुठे? दाखव." वॉचमनने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरने कपाट उघडलं, फाइली काढल्या, फाइली ठेवल्या. नियम काही सापडेना. रत्नाबाई पायरीवर बसल्या आणि पिशवीतून लसूण काढून सोलायला लागल्या. म्हणाल्या, "शोधा सावकाश. मला घाई नाही."

लसूण संपायच्या आत मॅनेजरने ट्रस्टींना फोन केला. उत्तर आलं, येऊ द्या.

म्हणजे दार उघडलं. आता रोज यायचं कोणी? आम्ही खात्यातली युक्ती काढली. एखादा कारीगर गावी गेला की त्याच्या लूमवर दुसरा उभा राहतो, त्याला बदली म्हणतात. तसंच इथे! ज्याला ज्या दिवशी वेळ, त्याने तिघांच्याही माणसांना बघायचं. पाठ बघायची, टाचा बघायच्या, जग हाताशी आहे का बघायचं, आणि वहीत लिहायचं. वेळ ठरवायची नाही. कधी सकाळी, कधी भर दुपारी.

महिन्याभरात मॅनेजरने प्रकाशला अडवलं. "आ माणसने केटला दीकरा छे?" या माणसाला मुलगे तरी किती? प्रकाश म्हणाला, "मुलगा एकच आहे साहेब. मी बदलीवर आलोय!"

हे वाक्य आमच्यात इतकं चाललं की विचारू नका. मला तर फारच सोयीचं पडलं. खात्यात माल अर्जंट असला की मी प्रकाशला सांगायचो, "माझ्या बाबांकडे बदली जा रे." पुढे पुढे माल बराच अर्जंट असायला लागला.

*

पण बाबांच्या पाठीवरची जखम मलाच सापडली. एका दुपारी गेलो, जवळ बसलो, तर वास आला. सदरा वर केला. माकडहाडाजवळ रुपयाएवढी जागा काळी पडलेली. बाबांनी तोंड भिंतीकडे वळवलं. त्यांना लाज वाटत होती. लाज त्यांना!

लिंबायतच्या आमच्या डॉक्टरांना घेऊन आलो. ते म्हणाले, "एकाच कुशीवर पडून पडून होतं हे. दर दोन तासांनी कूस बदलायला हवी. नाहीतर जखम हाडापर्यंत जाईल, मग माझ्या हातात काही नाही." ते त्यांनी कागदावर लिहूनही दिलं.

मॅनेजरने शांतपणे कूस बदलल्याचा तक्ता पुढे केला. "बधुं बराबर छे." सगळं बरोबर आहे. दर दोन तासांना एक बरोबरची खूण. ओळीने, एका पेनाने, सुरेख! मी बोट ठेवून वाचत गेलो आणि थांबलो.

तक्त्यात उद्या संध्याकाळपर्यंत बाबांची कूस बदलून झाली होती!

*

मी सगळा राग काढला तो विमलबाईंवर. वॉर्डातली आया, जालन्याकडची. मी ओरडलो, "माणसं आहेत की पोती?" तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भाऊ, तीस मानसं अन् मी एकली. तुमी एवढ्या चौघांची कूस बदलून दाखवा."

मी बाह्या सरसावल्या. तिसऱ्या म्हाताऱ्याला वळवताना माझ्या कमरेत अशी कळ आली की मी त्याच्याच खाटेवर बसलो. तो म्हातारा सरकून मला जागा देत म्हणाला, "बस, बस."

त्या दिवसापासून विमलबाईंवर ओरडणं बंद. आम्ही अर्ज लिहिला, आत असलेल्या सगळ्यांच्या घरी फिरून सह्या घेतल्या. मागणी एकच होती, आणखी दोन आया द्या.

*

पण ट्रस्टी तक्ता मानणार की आम्हाला? बाबांना तर बोलता येत नव्हतं. मी खात्यातून हातभर पांढरा दोरा आणला. म्हटलं, "बाबा, कूस बदलली की एक गाठ मारा." खिशात लाल दोराही होता तेवढाच, तोही देऊन टाकला. पांढरा संपला तर असावा म्हणून.

आठवड्याने मीटिंग झाली. एका बाजूला तक्ता, खुणांनी भरलेला. दुसऱ्या बाजूला दोरा, गाठी अकरा. मॅनेजर म्हणाला, या गाठी यांनीच घरी मारल्या असतील.

ट्रस्टी काका जुने, कापडाच्या धंद्यातले. त्यांनी एक गाठ नखाने सोडवून बघितली. सुटेना. ते उठले, वॉर्डात बाबांच्या खाटेपाशी गेले आणि दुसरा दोरा पुढे केला. बाबांनी एक टोक दातात धरलं, डावा हात फिरवला. गाठ तयार! काका बघतच राहिले.

"आ तो कारीगर छे," ते म्हणाले. वळून मॅनेजरला म्हणाले, "आ खोटुं नहीं बोले." हा खोटं बोलणार नाही.

दोन आया आल्या. तक्ता बाबांच्या उशाशी टांगला गेला. पांढरा दोरा भराभर भरायला लागला, मी बदलीवाल्याच्या हाती नवे पाठवत राहिलो. जखम भरत आली. लाल दोरा कुठे गेला ते मी विचारलं नाही.

*

मग दीडेक वर्षाने प्लेग आला. सुरत दोन दिवसांत रिकामी झाली. खाती बंद, दुकानं बंद, तोंडाला फडकी बांधलेली माणसं स्टेशनकडे पळतायत. बायको पोरांना धरून दारात उभी. "आते निंघा!" मी म्हटलं, बाबा? मग मनाशी म्हटलं, आज बदलीवर प्रकाश आहे.

उधन्याहून गाडीत कसेबसे घुसलो. गाडी सुटली. समोर बघतो तर प्रकाश! पोराला मांडीवर घेऊन बसलेला. आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"तू व्हता ना बदलीवर?" तो म्हणाला.

"माले वाटनं तू शे!"

तसेच नंदुरबारपर्यंत गेलो. बारडोलीला गाडी थांबली होती, व्यारालाही थांबली होती. उतरलो नाही. तेही सांगून टाकतो.

दहाव्या दिवशी परतलो. स्टेशनवरून थेट आश्रमात. मॅनेजरच्या खोलीला कुलूप. नव्या दोन्ही आया गेलेल्या. वॉर्डाच्या दारात थांबलो. नाकाने आधी वास घेतला. फिनाइलचा वास नव्हता, पण घाणीचाही नव्हता.

आत विमलबाई एका म्हातारीला पेज भरवत होती. डोळे खोल गेलेले. प्रकाशची आई भिंतीला टेकून बसलेली, जग हाताशी. बाबांची पाठ बघितली. कोरडी, स्वच्छ. पांढरा दोरा टोकापर्यंत भरला होता, आणि पुढच्या गाठी घोंगडीच्या दशांना मारल्या होत्या, ओळीने!

मला रडू आलं. मी विमलबाईंच्या पायांना हात लावायला वाकलो तर ती मागे सरकली. "आधी त्यायच्यापाशी बसा," म्हणाली.

मी खाटेवर बसलो. बाबांनी माझ्याकडे बघितलं, उशीखाली हात घातला आणि लाल दोरा काढला. टोक दातात धरून एक गाठ मारली. दोरा पुन्हा उशीखाली ठेवला.

"हा कशाचा?" मी विमलबाईंना विचारलं.

"त्यो तुमचा. तुमी आले की एक गाठ."

"माझा? अहो, पण इथे तर एक दिवसाआड कोणी ना कोणी..."

"बदलीवाल्यायची गाठ न्हाई मारत ते," ती म्हणाली आणि पेजेचं भांडं घेऊन पुढच्या खाटेकडे गेली.

मी उशीखालून दोरा काढला. हातभर दिला होता. गाठी चार बोटांत मावल्या होत्या.