हॅरिएटबाईंच्या आंब्याचं तिसरं कलम

सन दोन हजारची गोष्ट. सप्टेंबर संपत आला होता, आमचा कलमं बांधायचा हंगाम उरकला होता, आणि माझ्या मुलीचा, सुनंदाचा, शारजाहून फोन आला.

"आप्पा, व्हिसा काढलाय. महिनाभर या. येताना कलमांचा चाकू आणा."

"तिकडे वाळूत कसली कलमं बांधू?"

"एका बाईंचं झाड बघायचंय. बाकी आल्यावर सांगते."

मी सातवी पास माणूस. दापोलीजवळ माझी रोपवाटिका आहे, आंब्याची कलमं बांधण्यात जन्म गेला. फिरायची हौस नाही. बॅगा भरणं, यादी करणं, विमानतळावर चार तास आधी जाऊन बसणं, हे सगळं मला नको वाटतं. पण चाकू आणा म्हटल्यावर गेलो. आता मोबाइलमध्ये बोललं की आपोआप लिहून होतं, म्हणून सांगतोय. जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा, चाकू मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या पिशवीत नको. भाव मी सांगतो ते तेव्हाचे, तेव्हा दिरहमला बारा-साडेबारा रुपये पडायचे.

सुनंदाचं घर शारजातल्या रोला बाजाराच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. जावई जबल अली बंदरात गोदामात, पहाटे पाचला कंपनीची बस पकडतो. सुनंदा घरी बसून टायपिंग करायची. ज्या बाईंचं झाड बघायचं होतं, त्यांचंच लिखाण ती टाईप करायची.

त्या हॅरिएटबाई. इंग्लंडच्या. पेपरात बागेवर दर आठवड्याला लिहायच्या, आणि आता पुस्तक करत होत्या. सुनंदाने चहा पिता पिता सगळं सांगितलं. वडिलांचा खेड्यात भाजीचा मळा. नवरा इंजिनिअर, त्याच्याबरोबर इकडे आल्या. येताना पेटीतून गुलाबाच्या काड्या आणल्या, विलायतेच्या पुस्तकात लिहिलंय तसं मार्चमध्ये लावल्या. जूनपर्यंत सगळ्या वाळून कोळसा. मग बाईंनी ती पुस्तकं बाजूला ठेवली, आणि काय काय मेलं ते वहीत लिहायला लागल्या. त्या वहीतूनच पेपरातलं लिखाण निघालं. त्यांचं बागेचं वर्ष सप्टेंबरला सुरू होतं आणि मे महिन्यात संपतं. आणि दर लेखाची पहिली ओळ ठरलेली, या आठवड्यात काय मेलं.

"हे कशाला लिहायचं?" मी म्हटलं. "मी गिऱ्हाइकाला मेलेलं रोप दाखवलं तर ते पुन्हा येईल काय?"

"लोक तेवढंच वाचतात, आप्पा."

दुसऱ्या दिवशी मिनीबसने दुबई. पाच दिरहम, म्हणजे साठ रुपये, एसीत बसून. तिथून टॅक्सी करून समुद्राकाठच्या जुमेराला. बंगला बैठा, पांढरा, आणि आत शिरलो तर काय हिरवंगार. बोगनवेल, चाफा, कडुलिंब, कुंड्यांत टोमॅटो. खाली गवत अंथरून जमीन झाकलेली. मला पटलं. या बाईला काम येत होतं.

बाई साठीच्या, उंच, गुडघ्यावर मातीचे डाग. हिंदी बोलायच्या, पण माळ्यांकडून शिकलेली. तिच्यात पाच-सहाच वाक्यं. पानी कम. मत काटो. ये क्यूँ मर गया.

आंबा मागच्या अंगणात होता. आठ वर्षांपूर्वी हापूसचं कलम म्हणून विकत घेतलेलं. माणसाच्या दीडपट उंच, पानं काळीभोर, फळ म्हणून एक नाही. बाई त्याला पेंडीचं पाणी घालायच्या, थंडीत पहाटेचा वारा लागू नये म्हणून बारदान बांधायच्या. डिसेंबरात त्या कायमच्या इंग्लंडला जाणार होत्या. घरमालक अरब, सज्जन माणूस, पण त्याला तिथे गाडीची शेड हवी होती. बाईंना तो म्हणाला होता, बाकी बाग ठेवतो, पण फळ न देणारं झाड ठेवून काय करू? पुस्तकाचा शेवटचा भाग या झाडावर लिहायचा होता, तो अडून राहिला होता.

मी खाली बसलो, बुंध्याजवळची माती हाताने सारली. दोन मिनिटांत कळलं. कलमाचा जोड दिसत होता, आणि जोडाच्या वर एक बोटभर वाळका खुंट. हापूस पहिल्याच वर्षी मेलेला. हे सगळं झाड जोडाच्या खालून फुटलेलं, रायवळ, कोयीचं. खालचे फुटवे दिसले की काढायचे असतात, हे आमच्याकडे शेंबडं पोर सांगेल. बाईंच्या हाताने हिरवा कोंब मोडवला नव्हता.

मी लांबड लावत नाही. "आपका हापूस मर गया," म्हटलं. "आठ साल आपने दूसरे झाड को पानी दिया."

सुनंदाने माझ्याकडे डोळे वटारले. बाई खुंटाकडे बघत राहिल्या. मग वही काढली, तारीख घातली, आणि लिहिलं. लिहून झाल्यावर विचारलं, "अभी कुछ होगा?"

"होगा. डहाळ्या पेन्सिलीएवढ्या आहेत, त्याच्यावर बांधतो. पण हापूस नको. नखरे फार, एक वर्ष येतो, एक वर्ष रुसतो. पायरी घालू." बाईंना सुनंदाने ते इंग्रजीत सांगितलं.

पायरीची काडी कुठून आणायची? ते सुनंदाने आधीच बघून ठेवलं होतं. शारजाच्या औद्योगिक भागात हमीदभाईंचं गॅरेज. मूळचे हर्णैचे, आमच्या शेजारच्याच गावचे. त्यांचा मेहुणा असलम डोंगरापलीकडे, फुजैराच्या बाजूला, एका अरबाची बाग सांभाळायचा. त्या बागेत दापोलीहून नेलेली पायरी होती, वीस वर्षांची. मी असलमला फोन करून सांगितलं, चांगल्या बारा काड्या निवड, त्यांची पानं खुडून टाक, देठ तेवढे ठेव, आणि आठ दिवस हात लावू नकोस. देठ गळले की डोळा फुगतो, मगच काडी कामाची. त्या आठ दिवसांत मी शारजाच्या मासळीबाजाराशिवाय काही बघितलं नाही. बघण्यासारखं होतंही तेवढंच. सुरमई आपल्यापेक्षा स्वस्त.

शुक्रवारी पहाटे हमीदभाईंच्या पिकअपमधून निघालो. दैद गावापर्यंत रस्ता सरळ, वाळू लाल, कडेला उंट. रस्ते असे की चहाचा कप हलत नाही. मसाफी गावाच्या अलीकडे रस्त्यालगत शुक्रवारचा बाजार लागतो, गालिचे, मडकी, फळं. तिथल्या मल्याळी हॉटेलात ऑम्लेट-पराठा आणि चहा, दोघांचे सहा दिरहम. हमीदभाई लगेच मोठ्याने म्हणाले, "बहात्तर रुपये. दापोली स्टँडवर एवढ्यात चौघं जेवतील."

"मग दापोलीलाच राहायचं होतं."

"तिथं गाडी बिघडली तर लोक ढकलत नेतात, आप्पा. माझा धंदा कसा चालायचा?"

मसाफीनंतर डोंगर. नुसता दगड, तपकिरी, झाड नाही. आणि वळण घेतलं की खाली एकदम खजुरी, आंबे, पाटाचं पाणी. मी गाडी थांबवायला सांगितली नाही, पण मान वळवून बघत राहिलो.

असलमने काम चोख केलं होतं. त्याचा मालक मात्र खाटेवर बसून वैतागला होता. "हबीबी, माझ्या झाडाला टक्कल केलं," असं तो असलमला म्हणाला, ते असलमने आम्हाला सांगितलं. मी फुगलेला डोळा मालकाला दाखवला. त्याने हात लावून बघितला आणि खजूर पुढे केला. काड्या कापल्या, ओल्या फडक्यात गुंडाळल्या, वरून केळीचं पान. हमीदभाईंनी एसी चालू केला तो मी बंद केला. कोरडी हवा काडीला लागली की संपलं.

"उकडतंय, आप्पा."

"उकडू दे. काडी महत्त्वाची."

दुपारी तीनला जुमेरा. उन्हाचा चटका अजून होता. बाई छत्री घेऊन माझ्या डोक्यावर धरून उभ्या राहिल्या, मी कितीही नको म्हटलं तरी. कलमावर घालायला टोप्या हव्यात, त्या मी आदल्या दिवशीच केल्या होत्या. पोरं बर्फाच्या कांड्या चोखतात ना, त्या प्लास्टिकच्या नळ्या. नातवाने, सुनंदाच्या मुलाने, आठ कांड्या खाल्ल्या आणि म्हणाला, "आजोबा, इट्स ओन्ली अ ट्री." त्याचा घसा बसला, सुनंदा माझ्यावर चिडली.

तीन डहाळ्या निवडल्या. पहिलं कलम बांधलं, दुसरं बांधलं. बाहेर हमीदभाईंनी हॉर्न दिला, त्यांना गॅरेजातली एका गिऱ्हाइकाची गाडी परत द्यायची होती. तिसरं बांधलं. वरून वर्तमानपत्राची सुरळी करून उन्हाला आडोसा केला. बाईंनी ओळखलं, सुरळीवर त्यांचाच लेख होता. हसल्या. "अच्छा है," म्हणाल्या, "अब काम का हुआ."

"पानी कम," मी म्हटलं. "यल्ला, हमीदभाई, निघू."

अठरा दिवसांनी पुन्हा गेलो. पहिल्या दोन नळ्यांच्या आत तांबूस कोंब, तांदळाएवढे. तिसरी काडी काळी. बाईंनी विचारलं, "ये क्यूँ मर गया?"

"हवा," मी म्हटलं. "समुद्राचा खारा वारा."

बाईंनी माझ्याकडे जरा बघितलं आणि वहीत लिहिलं. घरमालकही आला होता, पांढऱ्या कपड्यांत. कोंबाकडे वाकून बघून विचारलं, फळाला किती वर्षं? सुनंदाने सांगितलं, तीन. बाई हाताची बोटं एकमेकांत घट्ट धरून उभ्या होत्या. मग तो म्हणाला, शेड दुसऱ्या बाजूला करतो, इन्शाल्ला. बाई मागे वळून कुंडीतल्या टोमॅटोकडे गेल्या, उगाच एक पान खुडलं. निघताना त्यांनी मला हातमोजे दिले. मी हातमोजे घालून काम करत नाही, पण घेतले.

घरी आलो. व्हिसा, रांगा, बॅगेत खजूर आणि टँगचे डबे, सगळं झालं. गावात विचारलं की सांगायचो, वाळवंटात कलम लावून आलो, तीनातली दोन जगली, एक वाऱ्याने गेलं.

दीड वर्षाने सुनंदा मे महिन्यात आली, बाईंचं पुस्तक घेऊन. जाडजूड, फोटोंचं. ओटीवर बसून तिने शेवटचा भाग मराठी करून वाचला. सुरुवात तशीच, काय मेलं. पहिल्यांदा हापूस मेला, आठ वर्षांपूर्वी, आणि मी त्याच्या जागी भलत्याच झाडाला पाणी घालत राहिले. हे वाचताना मला बरं वाटलं. मग पुढचं आलं. तिसरं कलम वाऱ्याने गेलं नाही. कलम बांधणाऱ्या म्हातारबाबांना घाई होती. काडी बारीक निघाली, साल सालीला लागली नाही, तरी त्यांनी पट्टी गुंडाळली. मी छत्री धरून वरून बघत होते आणि बोलले नाही. निम्मी चूक माझी.

सुनंदा थांबली. "आप्पा, खरं?"

खरं होतं. काडी सरकलेली मला तेव्हाच दिसली होती. हॉर्न वाजला आणि मी म्हटलं, चालतंय.

दोन दिवस मी त्या पुस्तकाकडे बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक आलं, म्हणालं, तुमच्याकडची गेल्या वर्षीची कलमं मेली, पाणी तर रोज घालत होतो. एरवी मी म्हटलं असतं, तुझी जमीन वाईट. त्या दिवशी मागच्या ढिगातून एक मेलेलं कलम उचललं, पट्टी सोडली आणि त्याला दाखवलं, हे बघ, जोड इथे लागलेला नाही, हे माझं चुकलं. आणि तुझं हे, रोज पाणी.

त्याने सहा कलमं नेली. तेव्हापासून रोपवाटिकेच्या दारात मी मेलेल्या कलमांची एक टोपली ठेवतो. लोक आधी तिच्याकडेच जातात.

जुमेऱ्याचा आंबा धरला, असं सुनंदा नंतर फोनवर म्हणाली. पायरीच निघाली.